फोटोग्राफरचे दिवे

धाकट्या बहिणीच्या लग्नात फोटोग्राफरने दोन मोठे दिवे आमच्या तोंडावर लावले आणि माझी मान झटकन वळली. मग पुन्हा वळली. मला टुरेट सिंड्रोम आहे. मान आणि पापण्या माझं ऐकत नाहीत.

“ताई, एक सेकंद स्थिर राहा ना.”

“जमत नाही हो. आजार आहे.”

“थोडा प्रयत्न करा.”

लहानपणापासून दुसरं काय करतेय मी?

आईचं लग्न गॅसबत्तीत लागलं. त्याआधी कंदील होते, दिवट्या होत्या. त्या पिवळट उजेडात कुणाची पापणी फडफडली तर दिसलीही नसेल. मग बल्ब आले, ट्यूब आल्या, आता हे एलईडी, ज्यात पावडरखालचा तीळही लपत नाही. एवढा उजेड केला माणसाने, आणि त्यात माझी फक्त मान दिसते.

“ताईंना जरा मागे, कडेला घ्या,” फोटोग्राफर म्हणाला.

“मग मीही स्टेजवरून खाली उतरते,” नवरी म्हणाली.

मला तिच्या शेजारीच ठेवून फोटो निघाला. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. मीही हसले, पण आतून चिडलेलीच होते. कुणीतरी भांडल्याशिवाय मला बहिणीशेजारी साधं उभंही राहता येऊ नये?