कौरव नसलेलं कृष्णकमळ

सुमेधाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथे आखातात, मुऐदरच्या बाजारात मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होते. त्यांचे यजमान बोलत होते. "रुबीना, तुझी ताई गेली गं..." मदिनत खलीफा वस्तीत ताईंची नि आमची भिंतीला भिंत. दीड महिना झाला; हक्कानं भांडावं असं आता शेजारी कुणी उरलं नाही.

ताई पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. यजमानांच्या तेलातल्या नोकरीपायी इथे आल्या आणि या वाळूत बसून दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांवरच्या एका रानटी कृष्णकमळाची वर्गवारी करू लागल्या. जात एकच, पण तिचे उपप्रकार किती, हा त्यांचा ध्यास. मी चिडवायची, "कुंडीत कृष्णकमळ असताना हे कशाला? काखेत कळसा नि गावाला वळसा!" त्या म्हणायच्या, "आपल्या फुलात शंभर कौरव, पाच पांडव. तिकडच्यात कौरवांच्या नुसत्या गाठी उरल्यात. युद्ध संपल्यावरचं फूल आहे गं ते!"

तिकडचे अभ्यासक फोटो पाठवत, ताई ते छापून पलंगावर मांडत. पण खरी मेख होती पानाखालच्या लवेत. एकाचं पान मऊ, दुसऱ्याचं गुळगुळीत, आणि मधलीही पुष्कळ. "लव फोटोत दिसते, हाताला लागत नाही. एकदा बोट फिरवू दे, मग सांगते दोन आहेत की एकच." जायचं ठरायचं आणि राहायचं. कधी यजमानांना सुट्टी नाही, कधी लेकीची, ईराची, बारावी. "या हिवाळ्यात इन्शाल्ला," असं माझ्याकडून उचललेल्या शब्दात त्या ठसक्यात सांगत. मग आजारपणच आलं. हॉस्पिटलात माझ्या शालीवरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "एवढी मऊ असेल का गं?" मला काय ठाऊक... पण मी हो म्हटलं. फार वाटतं, एकदा तरी त्यांना तिथे नेता आलं असतं.

गेल्या शुक्रवारी ईरा आणि मी ताईंची खोली आवरायला बसलो. लवेच्या पानांचे फोटो एका गठ्ठ्यात, गुळगुळीत पानांचे दुसऱ्यात. दोन्ही मी पेटीत ठेवले. उशीपाशी तिसरा होता, सगळ्यांत जाड. पानाला हात लावल्याशिवाय ज्यांचा निकाल द्यायचा नाही, असं ताईंनी ठरवलं होतं, ते सगळे त्यात. मी तोही उचलला. ईराला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र कायम इंग्रजीत. तिनं माझा हात धरला.

"तो नको ना, मावशी," ती मराठीत म्हणाली. "तो आई बघून ठरवणार आहे."