शिवणकामाच्या शिक्षिकेला दुकानाचा अनुभव

आज दारव्ह्याला एका शाळेत मुलाखतीला गेले होते. नववी-दहावीला शिवणकाम शिकवायची जागा होती.

मुलाखत घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "डिप्लोमा आहे, शिवणक्लासात शिकवलंयही. पण दुकानात किंवा कारखान्यात काम केल्याचा अनुभव लागतो."

वाईट वाटलं, पण त्यांचं चुकलं नव्हतं. गिऱ्हाईकाचं कापड मी कधी कापलंच नाही.

तिथून सरळ माझी जुनी विद्यार्थिनी वैशाली हिच्या टेलरिंगच्या दुकानात गेले. "मले कामावर ठेवशील का?"

"मॅडम, मी तुमाले काय शिकवू?" ती हसली. मग एका गिऱ्हाईकाचं ब्लाउजपीस समोर ठेवून म्हणाली, "कापा."

खडूच्या खुणा दोनदा तपासल्या. मग कापलं.

उद्यापासून मी तिच्याकडे कामाला. तुमच्या मुलांना शाळेत असे विषय शिकवणाऱ्यांनी ते काम स्वतः केलेलं आहे का?