पाच घरांचे शब्द

रंगनाथअण्णा गेल्याचं मला ऑफिसात फोनवर कळलं. फोन त्यांच्या पत्नीचा, गिरिजाक्कांचा होता, चामराजपेटेतल्या कोपऱ्यावरच्या बूथवरून. "एम्मे, अण्णा गेले. सकाळी चहा घेतला, स्वल्प आडवा पडतो म्हणाले..." मग, "जेवून या तुम्ही. इथं आज चूल नाही पेटायची." मी फोन ठेवला, आणि टायपिस्टनं आणलेल्या पत्रातली एक चूक त्याला दाखवली. तेव्हा मला नेमकं काय वाटलं, हे सहा आठवडे झाले तरी सांगता येत नाही. दुःख होतंच. पण त्याच्या खाली, लिहायला लाज वाटते, काहीतरी सुटल्यासारखंही होतं... आता ते कुणाला सांगणार नाहीत.

मी पुण्याहून बंगळुरात, यशवंतपूरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला आलो तेव्हा अण्णांच्या घरी माडीवरची खोली घेतली. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बंगळुरात. मराठी बोलत, पण निम्मी कन्नडच्या अंगानं जाणारी. मी खोली मागितली तेव्हा अण्णांनी विचारलं, "शिक्षण काय?" मी म्हणालो, "एम.ए. इंग्लिश." खरं तर शेवटच्या वर्षाला दोनदा नापास होऊन मी ते सोडून आलो होतो. ऑफिसात बी.ए.च लिहिलं होतं. इथं का खोटं बोललो? एकट्या माणसाला खोली मिळत नाही, म्हणून असेल. की नव्या गावात तरी नापास नसावं, म्हणून... अण्णा खूश झाले. त्या दिवसापासून मी त्या घरात 'एम्मे' झालो.

अण्णा दोन गल्ल्या पलीकडच्या छापखान्यात इंग्रजीचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचे. शाळा सातवीपर्यंत. इंग्रजी वाचायचे ते उलटं, खिळ्यांवरचं, आणि झरझर. अर्थ मात्र निम्म्या शब्दांचाच ठाऊक. खिळ्यांच्या खणात प्रत्येक अक्षराचं घर ठरलेलं असतं. हात न बघता तिकडे जातो. एकदा त्यांच्या लक्षात आलं की काही शब्द जुळवताना हात ए, ई, आय, ओ, यू या पाचही घरांना जाऊन येतो. "देवळातले सगळे देव झाल्यासारखं वाटतं हो," असं म्हणायचे. पहिला सापडला तो एज्युकेशन. मग कॉलिफ्लावर. मग त्यांना नादच लागला. लांब वहीत ते असे शब्द छापल्यासारख्या अक्षरात उतरवायचे, आणि संध्याकाळी हात धुऊन, तरी शाईचा वास येतच असायचा, माझ्या जिन्याशी उभे राहायचे. "काय एम्मे, आहात का? एक पाच घरांचा गावलाय."

सोपे शब्द होते तोवर ठीक. एके दिवशी त्यांनी फेसीशस आणला. मला माहीत नव्हता. 'बघून सांगतो' म्हणायला काय हरकत होती? पण ते वही उघडून, पेन धरून उभे होते. 'फेस' म्हणजे तोंड, म्हणून मी सांगितलं, "तोंडदेखला." त्यांनी लिहून घेतलं. महिनाभरानं आला अ‍ॅबस्टीमिअस. मी सांगितलं, "नेहमी गैरहजर राहणारा." सिकोया हा मी पोटाचा एक विकार ठरवला. अण्णा पोटावर हात फिरवून म्हणाले, "मला नाही ना तो?" आम्ही दोघंही हसलो. ते का हसले, ते तेव्हा मला माहीत होतं असं वाटायचं. पाच-सहा वर्षांत असे चाळीसएक अर्थ मी दिले असतील.

मग छापखान्यात संगणक आला आणि खिळे वितळवायला गेले. अण्णा पन्नाशी ओलांडलेले. एका इंग्रजी छपाईच्या ठिकाणी प्रूफं तपासायला माणूस हवा होता. अण्णा म्हणाले, "तुम्ही चला संगती. शिकलेला माणूस बाजूला असला की बरं." मी रजा काढून गेलो. तिथल्या व्यवस्थापक बाई माझ्याच वयाच्या, मुंबईहून नुकत्या आलेल्या, मराठीच निघाल्या. अण्णा एकदम सैलावले. माझी ओळख करून देताना मात्र म्हणाले, "हे आमच्या माडीवर राहतात." एम्मे म्हणाले नाहीत. वाण्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना माझं एम.ए. सांगणारा माणूस, त्या दिवशी ते बोललाच नाही... हे मला तेव्हा खटकलंही नाही.

बाईंनी तपासायला एक पान दिलं. अण्णांनी त्यातल्या सगळ्या चुका तर काढल्याच, वर भिंतीवरच्या, तिथंच छापलेल्या कॅलेंडरातली एक दाखवली. बाई खूश. काम झालंच होतं, मी डोळ्यांनी पाहत होतो. आणि आपलं माणूस भेटलं या आनंदात अण्णांनी पिशवीतून वही काढली. "मॅडम, हा माझा छंद." बाई पानं उलटू लागल्या. आधी कौतुकानं. मग त्यांच्या भुवया वर गेल्या. "सिकोया... पोटाचा विकार? अहो, ते झाड असतं, प्रचंड मोठं. हे अर्थ सांगितले कुणी तुम्हाला?"

मी अण्णांच्या शेजारी बसलो होतो. आमच्या खुर्च्यांमध्ये वीतभर अंतर होतं. 'मी' एवढंच म्हणायचं होतं. मी त्या कॅलेंडरकडे पाहत राहिलो. अण्णांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "मीच बसवले, मॅडम. खिळे बसवायची सवय." बाई हसल्या, कुत्सित नव्हे. वही मिटून परत देत म्हणाल्या, "पण काका, इथं अंदाजानं बसवून चालत नाही हो. शंका आली तर विचारणारा माणूस हवा आम्हाला."

परतताना बसमध्ये मी खिडकीबाहेर पाहत होतो. अण्णा म्हणाले, "भूक लागली असेल तुम्हाला. उतरून स्वल्प काही खाऊ." आम्ही इडली खाल्ली. नंतर ते लग्नपत्रिकांच्या एका दुकानात पत्रिकांना गोंडे बांधायचं काम करू लागले. ज्या हाताला सगळी घरं पाठ होती, तो गोंडे बांधायला लागला.

आणि आठवड्यानं पुन्हा जिन्याशी हाक, "काय एम्मे, आहात का?" मी तोवर शब्दकोश आणून गादीखाली ठेवला होता. म्हणायचो, "उद्या सांगतो." ते कन्नडातलं 'बरं' म्हणायचे, "सरी, उद्या." एवढंच. माझी चूक मला दाखवली असती, दोन शब्द सुनावले असते, तर मी कदाचित पाया पडलो असतो. नाही, तेही खरं नसेल... पुढे मी महादेवपुऱ्याकडे घर घेतलं, नोकरीला लांब पडत असूनही. चामराजपेटेला जाणं कमी केलं. कारण विचारलं की बसचं सांगायचो.

तेरावा झाल्यावर अक्कांनी वही माझ्या हातात दिली. "तुमचीच आहे म्हणायचे." घरी येऊन उघडली. डाव्या पानावर शब्द आणि माझे अर्थ, पेनानं, एकही न खोडलेला. उजव्या पानावर, अगदी फिक्या पेन्सिलीनं, खरे अर्थ. फेसीशस, थट्टेखोर. अ‍ॅबस्टीमिअस, बेतानं खाणारा. सिकोया, झाड. कुठल्यातरी वाचनालयात बसून त्यांनी ते शोधले होते. पण कधी? मुलाखतीनंतर लिहिले, की आधीच? आधीच असतील, तर वही बाईंच्या हातात देताना ती पेन्सिल दिसेल अशी त्यांची अपेक्षा होती का? बाईंनी डावं पानच वाचलं? की माझ्या एका शब्दाची ते वाट पाहत होते... नंतर लिहिले असतील, तर ती हाक कशासाठी होती? मी पुन्हा अक्कांकडे गेलो, विचारलं, आणि सगळं सांगितलं. एम.ए.चंसुद्धा. अक्का तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "एम्मेचं ठाऊक होतं त्यांना. तुमचं विद्यापीठाचं पत्र आलं होतं एकदा, परत परीक्षेला बसणार का विचारणारं, चुकून आमच्या टपालात उघडलं गेलं. पेन्सिलीचं मला माहीत नाही बाबा. एकदा मी म्हटलं, त्या पोराला कशाला छळता? तर म्हणाले, माडीवर एकटाच असतो, कुणी काही विचारायला नको का त्याला?"

हे ऐकून माझं ओझं हलकं झालं की जड, मला अजून समजत नाही. वही टेबलावर आहे. शेवटच्या पानावर एकच शब्द आहे, सी या अक्षरापासून सुरू होणारा. त्यात पाचही स्वर शाळेत घोकतात तसे ओळीनं. त्याच्यासमोर अर्थाची जागा दोन्ही पानांवर कोरी. शब्दकोश हाताशी आहे, पण मी अजून उघडलेला नाही. रोज संध्याकाळी, त्यांच्या यायच्या वेळेला, वही उघडून मी तो शब्द पाहतो. त्याचा उच्चारही मला नीट येत नाही. आणि खोलीत कुणी नसताना, ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणतो, "अण्णा, हा मला माहीत नाही."