‘गेले’ खोडून ‘निधन’

“मॅडम, माझा नवरा कधी मेला, ते तरी सांगा.”

मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये सातवीतल्या दीपालीची आई उभी होती. अंगावर कंपनीचा युनिफॉर्म, कपाळावर टिकली, गळ्यात मंगळसूत्र. हातातल्या मोबाइलवर आमच्या वर्गाचा पालकांचा ग्रुप उघडा होता. त्यात माझाच मेसेज होता: ‘कु. दीपालीच्या वडिलांचे दुःखद निधन झाले आहे. भावपूर्ण श्रद्धांजली.’

मी नाशिकला सातपूर भागातल्या एका शाळेत मराठी शिकवते. त्या आठवड्यात वर्गात समानार्थी शब्द चालू होते. अर्थ एकच असला तरी प्रत्येक शब्द प्रत्येक जागी चालत नाही, हे मुलांना सांगत होते. मित्राला आपण ‘जेवलास का’ विचारतो, लग्नपत्रिकेत मात्र ‘भोजन’ येतं.

दीपाली तीन दिवसांनी शाळेत आली. रजेच्या अर्जात तिने लिहिलं होतं, ‘माझे वडील गेले, म्हणून मी येऊ शकले नाही.’

मला वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर, आयतं उदाहरण मिळालं असंही वाटलं. मी ‘गेले’ खोडून वर ‘यांचे निधन झाले’ लिहिलं. म्हटलं, “अर्जात असं लिहावं, बाळा.” ती मान खाली घालून उभी राहिली. मग मी वर्गाला दोन मिनिटं स्तब्ध उभं केलं. तास संपल्यावर ग्रुपवर मेसेज टाकला.

“भांडून घर सोडून गेलाय तो,” तिची आई म्हणाली. “सटाण्याला हाय. चांगला जिवंत हाय. ग्रुपमधल्या कोणीतरी घोटीला माझ्या सासूला फोन लावला. म्हातारी काल दुपारपर्यंत रडत व्हती. मला एक फोन नाय करता आला तुम्हाला?”

नव्हता केला. अशा वेळी घरच्यांना कशाला त्रास, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

मुख्याध्यापक सर म्हणाले, “मॅडम, गैरसमजातून मेसेज गेला, असं टाका ग्रुपवर.”

मी टाइप केलं आणि आधी तिला दाखवलं.

“गैरसमज कोणाचा?” ती म्हणाली. “माझ्या पोरीने तर बरोबरच लिहिलं व्हतं.”

वीस वर्षं मुलांना शब्द निवडायला शिकवतेय, आणि स्वतःसाठी मी लपायला सोयीचा शब्द निवडला होता. तो काढून लिहिलं, ‘ही माझी चूक आहे. मी कोणालाही न विचारता लिहिलं. दीपालीची आणि तिच्या घरच्यांची माफी मागते.’

मधल्या सुट्टीत दीपालीला बाजूला घेतलं. “तेव्हाच का नाही सांगितलंस गं?”

ती म्हणाली, “‘गेले’ म्हटलं की सगळे विचारतात, कुठे गेले. तुम्ही ते लिहिल्यावर कोणीच विचारलं नाही.”

मी तिचीही माफी मागितली. “ठीक आहे, मॅडम,” म्हणून ती निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून मुलं तिला तेच विचारू लागली. मी दोघातिघांना दटावलं. त्याने काही थांबलं नाही.

उरलेलं वर्षभर तिने निबंधात छोटी, बेताची वाक्यं लिहिली. दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.

आता एखादा शब्द खटकला, की मी मुलाला आधी विचारते. बरेचदा त्याचाच शब्द बरोबर निघतो.