लायसनच्या आधीचा सत्कार

आमच्या वाशीच्या शाळेतल्या खेळाच्या बाई कुणी काही बोललं की आधी "तसं न्हाय" म्हणतात. सुट्टी लागली की परराज्यात जाऊन त्या विमानातून पॅराशूट घेऊन उड्या मारतात. शाळा सुटल्यावर लांब उडीच्या वाळूत गुडघे जुळवून कुशीवर पडायचा सराव करतात.

स्टाफरूममध्ये हेडमास्तर एकदा म्हणाले, "आता लायसन मिळालंच असंल की."

"तसं न्हाय, सर. पहिल्या, ए लायसनला पंचवीस उड्या लागतेत. बीला पन्नास, सीला दोनशे, डीला पाचशे. माझ्या एकोणीस झाल्यात."

मी हे ऐकलं होतं. तरी सत्कार करणाऱ्या मंडळाला लायसन मिळाल्याचं मीच सांगितलं. बाईंचं नाव व्हावं आणि त्यात माझंही व्हावं, असं मनात होतं. हे आज कबूल करतोय.

सत्काराच्या दिवशी स्टेजवर मंडळाच्या अध्यक्षांनी शाल उघडली तशा बाई मागं सरल्या आणि त्यांनी माईक घेतला. "तसं न्हाय. लायसन मिळालं न्हाय अजून."

"सरांनी तर मिळालं म्हणून सांगितलं," अध्यक्ष माझ्याकडं हात करून म्हणाले. "घ्या आता, कोण मोजतंय?"

"मी मोजतीय की." बाईंनी शाल त्यांच्याच खांद्यावर टाकली आणि खाली उतरल्या.

मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलो होतो. त्या माझ्यासमोर थांबल्या.

"सर, लायसन तुमी दिलं. आता ऱ्हायलेल्या सहा उड्याबी तुमीच मारून या."