शिक्क्यावरची मोट

एकाहत्तर-बहात्तरची गोष्ट. आमच्या पंचायत समितीला नवा गोल शिक्का हवा होता, मधोमध चित्र असलेला. तालुक्याच्या गावी पाट्या रंगवण्याचं आणि रबरी शिक्क्यांचं दुकान माझं एकट्याचंच. मी चित्र काढून नेलं: विहीर, मोट आणि मोट ओढणारी बैलजोडी. पोरपणी मी दुसऱ्याच्या विहिरीवर मोट हाकली होती. चित्रकला कुणी शिकवली नव्हती, पण ते बैल मला डोळे मिटूनही काढता येत.

सभापतींनी कपाळाला हात लावला. "अहो पेंटर, ही बैलजोडी कालपरवापर्यंत निवडणुकीची निशाणी होती! विरोधक मला जगू देतील का?"

"मग बाजरीचं कणीस काढतो."

"तेही एका पक्षाचं."

"पणती? खटारा? झोपडी?"

प्रत्येकीला कुणीतरी मालक निघाला. आमच्या रोजच्या जगण्यातली एकही वस्तू निवडणुकीने मोकळी ठेवली नव्हती.

एक म्हातारे सदस्य, स्वतः बागाईतदार, मिशीत हसले. "मोटंला गाय-वासरू जुपा की! निवडणुकीत आता त्येच चालतंय."

माझं डोकं फिरलं. "बैलच नसले तर मोट काय सभापती ओढणार?"

सगळे हसले, सभापती सोडून. "ऱ्हाऊ द्या. शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांकडून करून घेऊ."

मी कागद गुंडाळून दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. मास्तरांच्या हातात माझी विहीर द्यायची नव्हती. "बैल सोडतो. विहीर, मोट आणि ती ओढायचा नाडा मात्र राहणार."

"कबूल," सभापती म्हणाले. जिंकल्यासारखे बसले.

मी तिथेच पेन्सिल काढली. भरलेली मोट थारोळ्यात रिकामी होतेय आणि तिचा जाड नाडा चाकावरून थेट शिक्क्याच्या कडेपर्यंत ताणलेला.

"बैल न्हाईत, मग वढतंय कोण?" कुणीतरी विचारलं.

म्हाताऱ्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "हायेत की. धावंच्या उतारानं खाली, शिक्क्याच्या भाईर गेल्यात. नाडा बघा कसा ताठ हाय!"

सभापतींना सही करावीच लागली. नव्या शिक्क्याच्या उद्घाटनाला त्यांनी ती कल्पना स्वतःची म्हणून सांगितली, माझं नावही घेतलं नाही. तो राग मी अजून सोडलेला नाही, सोडणारही नाही.

पण बाजारच्या दिवशी दाखले घेऊन निघालेली माणसं दुकानाशी थांबायची, शिक्क्यावर बोट ठेवून विचारायची, "पेंटर, बैल कंचे? खिल्लारी का?"

"खिल्लारीच," मी सांगायचो.