जर्मन गाड्या आणि विश्रामकाकांचा कान

गॅरेजच्या जमिनीवर ऑईल सांडतं, कुणी पुसत नाय. वर्षं जातात, जमीन काळी होते. मंग हा डाग कुठल्या गाडीचा, विचारलं तर सांगता येत नाय. आमच्या किश्श्यांचं तसंच झालंय. चहाला चार माणसं बसली की एक निघतो, त्याच्याखालून दुसरा. हसत सुरू करतो आणि शेवटाला कुणीतरी गप्प बसतं. बहुतेक मीच.

मी माण तालुक्यातला. शाळा चौथी. मास्तरनं छडी मारली, मी पाटी फेकून मारली, शाळा संपली! डोकं तवापासनं असंच, गरम. ऐंशीच्या सुमाराला मुंबईला आलो आणि अंधेरीला, मरोळच्या बाजूला, अ‍ॅग्नेलशेठच्या गॅरेजला चिकटलो. शेठ तिथल्याच गावठाणातले ख्रिश्चन, घरात मराठीच बोलणारे. घरामागच्या वाडीत पत्रे टाकून गॅरेज काढलेलं आणि काम एकाच कंपनीच्या गाड्यांचं. जर्मन. कंपनीचं नाव आम्ही घेतच नव्हतो. ‘जर्मन आली’, ‘जर्मन गेली’, बास! रस्त्यावर तवा दोन-तीन तऱ्हेच्याच देशी गाड्या. त्यात ही एखादी सिग्नलला थांबली की बसमधली माणसं खिडकीतून मान बाहेर काढायची.

हेडमिस्त्री विश्रामकाका. मालवणकडचे, साठीला आलेले, हाताला थिनरचा वास. शेठचा नियम होता, विश्रामनं कान लावल्याशिवाय जर्मन गेटबाहेर जाणार नाय. काका लांब डिस्मिस घ्यायचे, तेच, स्क्रू पिळायचं. पातं चालू इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. डॉक्टर छाती तपासतो तसं. मंग बॉनेटवर थाप, “जा बाय, जा!” तवाच गेट उघडायचं.

* * *

घाटकोपरचा एक कापडवाला शेठ. नवीनच जर्मन डिझेल घेतलेली, गल्फमधून कुणी आणलेली. एक दिवस गाडी गेटात घुसली, हा उडी मारून बाहेर. तोंड पांढरंफटक. हातात चावी धरलेली.

“चावी इथे आहे! गाडी बंद होत नाही!”

खरंच, चावी त्याच्या हातात आणि इंजिन आपलं मजेत चालू. घरच्यांनी लिंबू उतरवलं होतं, पुढच्या काचेवर हळदकुंकू. मी पण दोन पावलं मागं सरकलो, खोटं कशाला बोलू!

काकांनी बॉनेट उचललं, आत हात घातला, बोटानं एक दांडी दाबली. गप्प! एकदम शांत.

कापडवाल्यानं हात जोडले. “काका, काय मंत्र म्हटलात?”

“मंत्र खंयचो? त्याच्यार लिवलेला आसा.”

दांडीवर चार इंग्लिश अक्षरं होती. ‘थांब’ असं लिहिलेलं. गाडी बंद करायची एक नळी गळत होती, दुसरं काय नाय. जर्मन लोकांना ठाऊक होतं की एक दिवस हे होणार, म्हणून आधीच तिथं दांडी ठेवून वर लिहून पण ठेवलं.

मी खूप हसलो त्या कापडवाल्याला. तो गेल्यावर काका म्हणाले, “येशा, तुका तरी वाचता इला काय?”

नाय आलं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती चार अक्षरं मी पत्र्यावर खडूनं दहा वेळा काढली. माझं पहिलं इंग्लिश ते!

* * *

मुलुंडचे एक रिटायर साहेब जुनी जर्मन घेणार होते. घ्यायच्या आधी दाखवायला आणली. सारखं एकच, “लोखंड ते लोखंड. हिच्यात एवढं काय आहे हो?”

माझं डोकं फिरायला लागलं. काकांनी मला नजरेनंच गप्प केलं. साहेबांना हाताला धरून शेजारच्या देशी गाडीकडं नेलं.

“दरवाजो लावा.”

साहेबांनी लावला. खडाड्! काच हलली, आतलं कायतरी खाली पडलं.

“आता हिचो लावा. दोन बोटांनी.”

साहेबांनी दोन बोटांनी ढकलला. धप्प. मऊ आवाज. गादीवर उशी टाकल्यावर येतो तसा. साहेबांनी परत उघडला, परत लावला. मंग तिसऱ्यांदा. आणि गाडी घेतली!

मी लक्ष देऊन बघत होतो. साहेब कान देऊन ऐकत होते आणि काका मात्र दर वेळी दरवाजाच्या पत्र्यावर तळहात ठेवत होते. मला वाटलं, म्हातारा लाड करतोय गाडीचे.

* * *

अ‍ॅग्नेलशेठकडं त्या कंपनीचं जाड पुस्तक होतं. जेवताना त्यातलं सांगायचे. एकदा सांगितलं, हे सगळं सुरू झालं तवा गाडी बनवणारा माणूस घाबरट होता. गाडी बनवली, पण लांब न्यायची हिंमत नाय. लोक हसायचे. मंग एक दिवस त्याच्या बायकोनं, नवऱ्याला न विचारता, दोन पोरांना बसवलं आणि गाडी घेऊन थेट माहेरी गेली!

“माहेराक म्हटल्यार बाईमाणूस थांबता काय!” काका म्हणाले.

वाटेत नळी तुंबली, तिनं टोपीची पिन घालून साफ केली. पेट्रोल संपलं, पंप कुठला तवा? औषधाच्या दुकानातून तेल घेतलं. ब्रेक घासले, एका चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. चढाला गाडी दम टाकायची, तवा पोरं उतरून ढकलायची.

मी म्हटलं, “एवढं करून घरी आली. नवऱ्यानं काय केलं? मारलं?”

माझ्या गावात तेच झालं असतं, म्हणून विचारलं.

शेठ म्हणाले, “बायकोनं सांगितलं, चढाला जोर कमी पडतो. नवऱ्यानं आणखी एक गिअर लावला.”

काकांनी डबा बंद केला आणि म्हणाले, “म्हणान ही कंपनी टिकली. कमी पडला ता सांगणारा कोणतरी व्हया, आणि आयकणारा पण.”

* * *

मंग शेठनी आरसा लावला.

काकांचं टेबल भिंतीकडं तोंड करून होतं, पाठ गेटाकडं. एका सकाळी येतोय तर टेबलाच्या वर हा मोठा आरसा! मोडीत निघालेल्या सलूनचा असावा, कोपऱ्याला पावडर अजून चिकटलेली.

मी भडकलो. “शेठ, इथं धड पंखा नाय, आणि आरसा लावताय? मिस्त्रीनं काय भांग पाडायचा?”

शेठ चिडले नायत. “माझी भिंत, माझा आरसा. तू आपलं काम कर.”

“मला पण लावा एक!”

“तुझं तोंड रोज बघायची तुझीच तयारी आहे का?”

सगळे हसले. मी पाना आपटला आणि गाडीखाली गेलो.

* * *

हा किस्सा मी बरीच वर्षं सांगितला नव्हता.

मी जर्मनच्या खाली होतो. काका जॅक उतरवायला लागले, त्यांना वाटलं मी बाहेर आलो. माझ्या शर्टाची बाही सायलेन्सरच्या क्लिपात अडकलेली. ओरडलो, “थांबा!” गाडी खालीच येतेय. परत ओरडलो. माझं ओरडणं म्हणजे मरोळ नाक्यापर्यंत जातं. गाडी खालीच! शर्ट फाडून बाहेर लोळलो. खांद्याची साल निघाली. मागं वळून बघतो, गाडी चाकांवर टेकलेली आणि काका शांतपणे जॅकचा दांडा काढतायत.

मी उठलो आणि बापाच्या वयाच्या माणसाची कॉलर धरली.

“ए म्हाताऱ्या! बहिरा झालास काय?”

काका माझ्या तोंडाकडं बघत होते. डोळ्यांकडं नाय, ओठांकडं. आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा हात कॉलरीवरच राहिला. शिवी म्हणून बोललो होतो मी!

“उजवो तर कधीच गेलो,” काका हळूच म्हणाले. “आता डावो पण जाता. शेटाक सांगा नको, येशा.”

“उद्या कुणी मरंल तुमच्या हातून!”

“गावाक जावन काय करू? थंय माका कोण वळाखता? हय जर्मन इली की पयला माझा नाव घेतत.”

सांगायला पायजे होतं. मला आजही कळतं, पायजे होतं. मी नाय सांगितलं. एक अट घातली. मी गाडीखाली असलो की काकांचा पाय माझ्या हाताजवळ पायजे. घोट्याला एक चिमटा म्हणजे उतरव, दोन म्हणजे थांब. मी खाली नसलो तर जॅकला काकांनी हात लावायचा नाय. आणि माझ्याशिवाय दुसरा कुणी खाली जाणार नाय.

* * *

मंग इंजिन कसं ऐकायचे? तेच मला कळंना. सहा महिने गेले, एक गाडी चुकली नाय.

एका दुपारी सगळे जेवायला गेले होते. बघतो तर काका बॉनेटखाली वाकलेले आणि डिस्मिसची लाकडी मूठ दातात धरलेली! डोळे मिटलेले. पातं इंजिनावर. मला बघून दचकले, मूठ कानाला लावली. मी हसलो नाय. जवळ जाऊन मूठ बघितली. दातांचे खड्डे पडलेले, जुने, खोल.

“आवाज हाडातसून येता,” म्हणाले. “दात पडतीत तवा बगू.”

तवापासनं काका इंजिन तपासताना मी त्यांच्यासमोर उभा राहून लोकांवर ओरडायचो. सगळ्यांचं लक्ष माझ्याकडं, काका आपले मूठ दातात धरून मोकळे. शेठ एकदा म्हणाले, “येशा, किती ओरडतोस रे! जरा हळू.”

काका टेबलाशी, आमच्याकडं पाठ, आरशात शेठच्या तोंडाकडं बघत होते. म्हणाले, “वरडांदे त्याका. माका बरा वाटता.”

मुंबईत माझ्या ओरडण्याला चांगलं म्हणणारा एवढाच माणूस भेटला!

* * *

शेवटचा किस्सा सिनेमावाल्याचा.

अंधेरीच्या स्टुडिओतून एक प्रोड्युसर आला, काळी जर्मन घेऊन. इंजिनात बारीक कुरकुर. सोबत स्वतःचा मेकॅनिक, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात डॉक्टरसारखी नळी. मेकॅनिक म्हणाला, “इंजिन उतरवावं लागणार. आतलं गेलंय.”

शेठ म्हणाले, “आधी विश्राम कान लावेल.”

प्रोड्युसर हसला. “तोच ना तुमचा म्हातारा? बाहेर काय बोलतात माहीत आहे ना? त्याला ऐकूच येत नाही म्हणे! माझी गाडी बहिऱ्याच्या हातात देऊ?”

सगळं गॅरेज थांबलं. माझ्या हातात बावीसचा पाना होता. मी पुढं झालो. शेठनी माझ्या छातीवर हात ठेवला. “तू गप्प उभा राहा. आज ओरडायचं नाय.”

म्हणजे आज लपायला जागा नाय.

काकांनी सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. कुणी काय बोललं ते कळायला त्यांना कान लागत नव्हता. डिस्मिस उचललं. मूठ कानाकडं नेली. मध्येच थांबले. मंग सगळ्यांच्या समोर ती मूठ दातात धरली.

इस्त्रीवाला मेकॅनिक फस्सकन हसला. “हे काय, ऊस खातोय काय?”

काकांचे डोळे मिटलेले. पातं एका जागेवर, मंग दुसऱ्या, मंग तिसऱ्या. इंजिन चालूच. माझी नजर काकांच्या जबड्यावर. पातं इंजिनावरून बाजूला सरकलं, डायनामोवर टेकलं. काकांनी डोळे उघडले, मूठ काढली, ओठ पुसले.

“इंजिन बरा आसा. डायनामोचो बेरिंग गेलो.”

“हॅ!” मेकॅनिक म्हणाला.

“येशा, इंजिन बंद कर. पट्टो काढ.”

मी इंजिन बंद केलं, डायनामोचा पट्टा काढला. परत चालू केलं. कुरकुर गेली! नुसती जर्मन, तिच्या आवाजात. बेरिंग शेठच्या कपाटातच होतं. काकांनी स्वतः बसवलं, पट्टा चढवला, परत मूठ दातात धरून ऐकलं. आता लपवायचं कशाला! दुपारी चारला बॉनेटवर थाप पडली.

“जा बाय, जा!”

गेट अ‍ॅग्नेलशेठनी स्वतः उघडलं. प्रोड्युसर काच खाली करून कायतरी बोलणार होता, शेठ म्हणाले, “गिअर टाका साहेब, पाठीमागं रिक्षा थांबलीय.”

काका तोंड धुवायला नळावर गेले. मी शेठजवळ गेलो. आयुष्यात कुणापुढं मान खाली घातली नव्हती, तवा घातली.

“शेठ, मला ठाऊक होतं. दोन वर्षं. जॅकच्या दिवसापासनं. मी लपवलं. मला काढायचं तर काढा, त्यांना नको.”

शेठ हाताचं ग्रीस चिंधीला पुसत होते. एक एक बोट करून सगळी पुसली. मंग ती चिंधी बाजूला टाकून खिशातला स्वच्छ रुमाल काढला आणि माझ्या हातात दिला.

“तो आरसा पुसत जा रे, येशा,” म्हणाले. “धूळ बसलीय बघ किती.”